स्वतःचा दागिन्यांचा छोटा ब्रँड काढायचाय? प्रेरणेपासून पहिल्या ऑर्डरपर्यंत सगळं क्रमाने

"ताई, मला डिझाईन जमतं, चांदीचे दागिने करून विकायचेत, सुरुवात कुठून करू?" असे मेसेज मला सारखे येतात. प्रत्येकीला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. मी पुण्यात राहून चांदीचे दागिने डिझाईन करते आणि माझे बरेचसे कारागीर कोल्हापूर-हुपरीकडचे आहेत, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील. पण कपड्यांचा ब्रँड काढणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, यात क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेकजणी पहिल्याच दिवशी इन्स्टा पेज उघडतात, लोगो करतात, फोटो टाकतात आणि कागदपत्रं "नंतर बघू" म्हणतात. काही कागद नंतर करता येतात, काही नंतर करताच येत नाहीत. ते कुठले ते पुढे येईलच.

१. आधी एकच गोष्ट धरा आणि ती प्रत्यक्ष जाऊन बघा

प्रेरणा म्हणजे मोबाईलवर सेव्ह केलेले फोटो नव्हेत. तेच फोटो अजून हजारो डिझायनर बघत असतात, म्हणून सगळ्यांचे झुमके सारखे दिसतात. त्यापेक्षा एक वस्तू, एक जागा किंवा एक कला निवडा आणि तिच्यामागे लागा.

कुठे जाल? पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. लोक तिथे मस्तानी महाल बघून येतात, पण तुम्ही अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, करंडे आणि दिव्यांपाशी थांबा. साधी सुपारी कातरायची वस्तू, पण तिला मोराचा, घोड्याचा आकार दिलाय आणि तो आकार हातात धरायलाही सोयीचा ठेवलाय! दागिन्याचं डिझाईन शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. छत्रपती संभाजीनगरकडे असाल तर अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेणीतला पद्मपाणी बघा, त्याचा मुकुट आणि गळ्यातल्या मोत्यांच्या माळा बघा. आणि हे काहीच जमत नसेल तर आजीचा डबा उघडायला सांगा, त्यात बुगडी, वाकी, मासोळ्या, केसांत खोचायचा एखादा आकडा नक्की निघेल.

बघायचं कसं तेही सांगते, कारण खरं काम तिथेच आहे. वही-पेन्सिल न्या. वस्तू पुढून काढा, मग बाजूने काढा, आणि मग उलटी करून मागची बाजू काढा. ठुशी घ्या उदाहरणाला. पुढून बारीक मणी इतके दाटीने बसलेत की मधला दोरा दिसतच नाही. तीच उलटी केली की कळतं, दोन्ही टोकांना दोरा, गोंडा आणि सरकवायची गाठ आहे, म्हणून तीच ठुशी सासूच्याही गळ्यात नीट बसते आणि सुनेच्याही. साईझचा प्रश्न आपल्या पटवेकऱ्यांनी (दागिने दोऱ्यात गाठणाऱ्यांनी) केव्हाच सोडवून ठेवलाय आणि आपण मात्र तीन साईझ काढून स्टॉक अडकवून बसतो. तसाच कानातला वेल. तो नुसता शोभेचा नाही, जड कानातल्याचं वजन केसांवर घेतो. हे फोटोत दिसत नाही, त्यासाठी वस्तू हातातच घ्यावी लागते.

कोल्हापुरी साज तर एक अख्खी शाळाच आहे. पारंपरिक साजात २१ पानं, आणि मधे जवमणी. मासा, कासव, भुंगा, चंद्र, शंख, नाग, बेलपान असे आकार. यातली दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईताचं असं सांगतात. नवीन माणूस काय करतो, तर पूर्ण साज छोटा करून विकतो. तुम्ही एकच पान घ्या. नुसता भुंगा घ्या, त्याची वीस स्केचेस काढा, मोठा, अर्धा, फक्त पंख, फक्त बाह्यरेषा. एकविसाव्या स्केचला तुमचा भुंगा यायला लागतो.

मोठ्या नावांनीही हेच केलंय. गोव्यातल्या कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स घ्या, २०१४ ला पद्मश्री मिळाली, २०२० ला गेले. कुणबी बायकांची लाल-पांढऱ्या चौकड्यांची साडी विणायची जवळपास बंदच झाली होती. त्यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर नेली. विदिशात जन्मलेल्या आणि मुंबईतून काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे हातमागाचं कापड घेऊन जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या कुटूर वीकपर्यंत पोचल्या, तिथे शो करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री डिझायनर. दोघांनीही एक गोष्ट धरली आणि सोडली नाही.

२. प्रेरणा घ्या, पण मूळ मालकाचं नाव घेऊन

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. केवढा संताप झाला आपल्याकडे, मग त्यांना मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतातली आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळून.

आता हाच नियम स्वतःला लावा. वारली चित्रांनाही जीआय आहे, पैठणीलाही आहे. पैठणीतली मुनिया किंवा बांगडी मोर ही नक्षी बघून तुम्ही कानातलं करू शकता, पण मशीनवर छापलेल्या कापडाच्या तुकड्याला "पैठणी ज्वेलरी" म्हणून विकू नका. खणाचे दागिने करत असाल तर खण कुठून आला ते लिहा, गुळेदगुड्डच्या हातमागाचा असेल तर अभिमानाने लिहा, पॉवरलूमचा असेल तर तसं लिहा. वारली आकृती हवी असेल तर डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या वारली कलाकाराकडून काढून घ्या, पैसे द्या, कार्डावर नाव छापा. तारपा नाच नेटवरून उचलून पेंडंटवर कोरणं मला चोरीच वाटते, आणि गिऱ्हाईकही आता हे विचारतं.

३. धातू ठरवा

नवीन माणसाने सोन्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भांडवल अडकतं, नियम जास्त, जोखीम जास्त. पितळ किंवा चांदी घ्या.

पितळेवर प्लेटिंग करणार असाल तर प्लेटिंग किती मायक्रॉन जाडीचं हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या, "मस्त चकाकतंय" याला काही अर्थ नाही. अंगाला लागणाऱ्या भागात निकेल नको, कित्येकींचे कान त्याने चिघळतात.

चांदीत आपल्याला लागते ती ९२.५, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की अंगठी रोजच्या वापराने वाकडी होते. बाजारात मात्र चांदी "टंच" म्हणजे शुद्धतेच्या टक्क्यावर चालते आणि तो कितीही कमी असू शकतो. मोघम "चांदी" म्हणून माल घेऊ नका, टंच किती ते बिलावर हवंच.

सोनं करणारच असाल तर एवढं लक्षात ठेवा: १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या (शुद्धतेच्या शिक्क्याच्या) दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षरी-आकडी ओळख नंबर, लागतो. २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना आणि वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना सक्तीतून सूट आहे. चांदीचं हॉलमार्किंग हे लिहितेय तेव्हा तरी ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून तिथेही एचयूआयडी आलाय. ऐच्छिक असलं तरी करा. गिऱ्हाईक बीआयएस केअर ॲपवर (बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो) नंबर टाकून स्वतः तपासू शकतं, अनोळखी ब्रँडसाठी याहून मोठी जाहिरात नाही. हॉलमार्कला माल द्यायचा तर आधी ज्वेलर म्हणून बीआयएसची नोंदणी लागते, ती ऑनलाईन आणि मोफत आहे.

४. कारागीर शोधणं

हा सगळ्यात मोठा टप्पा, आणि इथे घाई केली की सगळं बिघडतं.

चांदीसाठी हातकणंगले तालुक्यातलं हुपरी. गावात घरोघरी काम चालतं, पैंजणांसाठी ते देशभर माहीत आहे. साज, ठुशी, चिंचपेटी वगैरेसाठी कोल्हापूरची गुजरी, म्हणजे तिथली सराफ पेठ. मुंबईत झवेरी बाजार, तिथे बंगाली कारागीर खूप. इमिटेशनसाठी मालाड. मणी, दोरे, सुटं सामान मुंबईत भुलेश्वर आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला, पुण्यात रविवार पेठेत. आणि तुम्ही महाराष्ट्राबाहेर असाल, चेन्नईत, केरळात किंवा अजून कुठे, तर सराफ बाजारात गलाईवाल्याचं दुकान शोधा, सोनं-चांदी आटवण्याचं हे काम करणारी माणसं बऱ्याचदा विटा-खानापूर-आटपाडीकडची निघतात. मराठीत बोललात की कारागिरांचे पत्ते मिळतातच.

पहिल्या भेटीत ऑर्डर देऊ नका. बसा आणि काम बघा. मी रवा-काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा चांदीची केसासारखी बारीक तार कारागिराने कात्रीने टपाटप तोडली, ते कण कोळशाच्या भुकटीत टाकले आणि वरून आच दिली. धातू वितळला की प्रत्येक कण आपोआप गोळी होतो. मग त्या गोळ्या एकेक करून ओल्या टाकणखाराच्या बोटाने पत्र्यावर ठेवायच्या आणि डाग द्यायचा, म्हणजे आच देऊन जोडायच्या. आच जरा जास्त झाली की गोळीच पसरते, कमी झाली की दोन दिवसांनी गळून पडते. हे बघितल्यावर तुम्ही कधी "दादा, एवढीशी तर गोळी आहे, मजुरी कमी करा ना" म्हणणार नाही, आणि डिझाईन करतानाच कळतं की रवा कुठे टाकायचा आणि कुठे टाळायचा.

कारागिराशी व्यवहाराचे काही नियम, हे पाळाच:

- धातू देताना वजन, टंच, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली चिठ्ठी करा. ओळख कितीही जुनी असो. त्यालाही तेच बरं असतं.
- हिशोब येऊ द्या. ५० ग्रॅम शुद्ध चांदी दिलीत आणि माल ९२.५ चा हवा असेल तर तांबं मिसळून साधारण ५४ ग्रॅम माल व्हायला हवा, त्यातून घट (काम करताना कमी होणारा धातू) वजा. हाच आकडा माहीत नसल्यामुळे बरेचजण "५० दिली, ५० आली" म्हणून खूश होतात.
- घट किती टक्के धरायची हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. कानशीचा चुरा कोणाचा, तेही.
- डागासाठी वापरलेल्या झाळीत (जोडायला वितळवतात त्या मिश्रधातूत) चांदी कमी असते. जोड खूप असतील तर अख्ख्या दागिन्याचा टंच खाली येतो आणि हॉलमार्कला माल नापास होतो, तेव्हा "हॉलमार्कला जाणारंय" हे आधीच सांगा.
- डाय (साचा) बनवली तर पैसे तुम्ही दिलेत आणि डाय तुमची हे लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या महिन्यात तेच डिझाईन शेजारच्या दुकानात दिसतं.
- गाठवण (दोऱ्यात ओवायचं काम) वेगळी. कारागीर आणि पटवेकरी ही दोन माणसं आहेत, दोघांचा वेळ धरा.

तुमचा कारागीर स्वतःच्या हाताने घरच्या धंद्यात काम करणारा सोनार असेल तर त्याला पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सांगा. सप्टेंबर २०२३ पासून चालू आहे, सोनार त्यात बसतात, अवजारांसाठी १५,००० आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. एका कुटुंबात एकालाच मिळते. फॉर्म भरायला मदत करा, नातं त्यातूनच तयार होतं.

५. साईझ आणि वजन

बांगडीचा साईझ २.४, २.६, २.८ हे दशांश नाहीत! २.४ म्हणजे दोन इंच आणि चार-सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, साधारण ५७ मिमी. २.६ म्हणजे ६० मिमी, २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिमी. कॅडवाल्या (कॉम्प्युटरवर डिझाईन काढणाऱ्या) मुलाला नुसतं "२.४ इंच" पाठवलंत तर बांगडी जवळजवळ ६१ मिमीची येते. कायम मिलिमीटरमध्ये लिहा आणि आतला व्यास असंही लिहा.

नथीत टोचलेल्या नाकाची आणि चापाची असे दोन प्रकार ठेवा, हल्ली चापाचीच जास्त मागतात. कानातलं एका कानाला १०-१२ ग्रॅमच्या वर नेऊ नका, नेलंत तर वेल द्या. प्रत्येक नमुना स्वतः दिवसभर घालून बघा, स्वयंपाक करताना, बसमध्ये, ओढणी घेऊन. ओढणी अडकते का हे कोणताही फोटो सांगत नाही.

६. फोटो टाकायच्या आधी: नाव आणि डिझाईन

सुरुवातीला म्हटलं ना काही गोष्टी नंतर होत नाहीत, ती हीच. डिझाईन्स ॲक्ट २००० खाली नोंदणी हवी असेल तर डिझाईन नवीन, म्हणजे आधी कुठेही जाहीर न झालेलं लागतं. तुम्ही स्वतःच इन्स्टावर टाकलंत तरी ते जाहीर झालं, संपलं. म्हणून आधी अर्ज, मग रील. व्यक्तीसाठी सरकारी फी डिझाईनमागे १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं.

"पण कॉपीराइट तर आपोआप असतो ना?" हे सगळ्याच विचारतात. असतो, पण नोंदणी होऊ शकणारं डिझाईन नोंदवलं नाही आणि त्याच्या ५० हून जास्त प्रती डाय-कास्टिंगसारख्या औद्योगिक पद्धतीने निघाल्या की तो हक्क संपतो. प्रत्येक कानातल्याची नोंदणी करायची गरज नाही, जे दोन-तीन पीस तुमची ओळख होणार आहेत तेवढेच करा. आणि जशीच्या तशी ठुशी किंवा साज कोणालाच स्वतःच्या नावावर करता येत नाही, ते आपल्या सगळ्यांचं आहे.

ब्रँडच्या नावासाठी ट्रेडमार्क. दागिन्यांचा वर्ग १४, कपड्यांचा २५. ऑनलाईन अर्जाची फी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला वर्गामागे ४,५०० रुपये. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या साईटवर फुकट शोधता येतं, शोधाच. देवीची नावं आणि "स्वर्ण", "रजत" असलेली नावं बहुतेक आधीच गेलेली असतात.

७. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. जवळ ठेवा:

- पॅन, आधार, मोबाईल आधारला जोडलेला
- जागेचं लाईट बिल, आणि भाड्याची असेल तर करार किंवा मालकाचं संमतीपत्र
- उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. हे पूर्ण मोफत आहे, आधार-पॅनवर घरबसल्या मिळतं. यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या साईट सरकारीसारख्याच दिसतात, पत्ता नीट बघा
- शॉप ॲक्ट. महाराष्ट्रात कामगार थोडे असतील तर फक्त ऑनलाईन सूचना द्यायची
- धंद्याच्या नावाने चालू खातं
- वजनावर विकणार असाल तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटा
- जीएसटी, लागू असेल तर

जीएसटीत गोंधळ फार होतो. वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. मोठ्या ऑनलाईन साईटवरून विकायचं तर आधी नोंदणी सक्तीचीच होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त स्वतःच्या राज्यात विकणाऱ्याला नुसता नावनोंदणी नंबर घेऊन चालतं. राज्याबाहेर माल पाठवायला लागलात की नोंदणी आली, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे पण ती तुम्हाला बसते का हे सीएला विचारा. दागिन्यांवर ३ टक्के, इमिटेशनवरही ३.

८. किंमत

धातू, घट, मजुरी, खडे-मोती, गाठवण, पॉलिश, हॉलमार्क, डबी, कुरिअर, फोटो. आणि तुमचा वेळ. हा शेवटचा आकडा बायका लिहीतच नाहीत, "घरच्या घरी तर करते" म्हणतात. लिहा!

समजा सगळं धरून १,८०० खर्च आला आणि तुम्ही २,४०० ला विकलंत. ठीक वाटतं. उद्या एखादं बुटीक म्हणालं आम्ही ४० टक्के घेणार, तर तुमच्या हातात १,४४० येतात, म्हणजे पदरचे ३६० गेले. तोच पीस पहिल्यापासून ३,६०० ला ठेवला असता तर ४० टक्के देऊनही २,१६० हातात आले असते. आणि इन्स्टावर एक किंमत, बुटीकमध्ये दुसरी असं करू नका, लोक दोन्हीकडे बघतात आणि बुटीक पुन्हा माल ठेवत नाही. चांदीचा भाव सारखा हलतो, म्हणून ऑर्डरच्या कोटेशनवर "भाव अमुक तारखेपर्यंत" असं लिहायला विसरू नका.

९. विक्री आणि माल पाठवणं

सुरुवात प्रदर्शनापासून करा असं मी सांगेन. स्टॉलचं भाडं जातं, पण बायका दागिना हातात घेतात, घालून बघतात, आरशात वळून मागची बाजू बघतात, आणि काय आवडलं नाही ते तोंडावर सांगतात. त्या दिवशी संध्याकाळी वहीत सगळं लिहा. प्रत्येक पीससोबत छोटं कार्ड द्या: प्रेरणा कशाची, धातू कोणता, कोणी बनवलं, कसं सांभाळायचं. चांदी काळी पडणारच, हवेतल्या गंधकामुळे पडते, ते कार्डावरच लिहिलं की "खोटी आहे का?" असे फोन कमी येतात.

कुरिअरचं बघून घ्या, बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत मौल्यवान धातू बसत नाहीत, म्हणजे पार्सल हरवलं तर भरपाई नाही. पोस्टाचं विमा पार्सल थोडं हळू जातं पण मी तेच वापरते. पॅक करताना काट्यावर ठेवून व्हिडिओ काढा, वजन दिसलं पाहिजे.

आणि सीझनचं गणित आत्तापासून डोक्यात ठेवा. गौरी-गणपती, दसरा, दिवाळी पाडवा आणि मग लग्नसराई, वर्षाची निम्मी विक्री यातच होते. पण झवेरी बाजारातले बंगाली कारागीर दुर्गापूजेला गावी जातात, म्हणजे नेमकं दिवाळीच्या तोंडावर हात कमी पडतात. दिवाळीचे नमुने आषाढातच पक्के करा, ऑर्डर गणपतीच्या आधी देऊन टाका, आणि गाठवणाऱ्या काकूंना तारीख आधीच सांगून ठेवा, कारण नवरात्रात सगळ्यांचीच मंगळसूत्रं त्यांच्याकडे येऊन पडलेली असतात.